मिलिंग मशीनच्या हेडमधले आटे गेले, तर भोक वाचवण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे

हेडचा बोल्ट आवळताना पाना अचानक हलका होतो, आणखी पाव फेरा दिला तरी ताण येत नाही आणि बोल्ट बाहेर काढल्यावर त्याच्या आट्यांत करडी, खरखरीत भुकटी अडकलेली दिसते, तेव्हा बिडातले आटे गेले असे समजावे. यानंतर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते. हँड ड्रिलने भोक मोठे केले जाते, पाकिटातले हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारे तारेच्या वेटोळ्याचे इन्सर्ट) बसवले जाते आणि बोल्ट पुन्हा आवळला जातो. दोन-तीन महिन्यांनी तोच बोल्ट परत फिरू लागतो आणि दोष हेलिकॉइलला दिला जातो. मी अशी जी भोके पुन्हा उघडून पाहिली, त्यांत बहुतेक वेळा हेलिकॉइल शाबूत होते. भोक तिरपे होते, किंवा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) मारल्यानंतरची भुकटी आतच राहिली होती. म्हणून या लेखात इन्सर्ट बसवण्याला थोडी आणि त्याआधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून टरेट मिलिंग मशीनचे बिडाचे हेड (स्पिंडल आणि मोटर धरणारा भाग) आणि त्यातले एम १० × १.५ मापाचे, म्हणजे १० मिमी व्यासाच्या बोल्टाचे आणि १.५ मिमी पिचचे (दोन आट्यांतल्या अंतराचे) एक भोक घेतले आहे. माप वेगळे असले तरी क्रम हाच राहतो.

टप्पा १ : नेमके काय गेले आहे ते ठरवा

आटे बोल्टाचे गेले, नटाचे गेले की हेडच्या ओतकामातले गेले, हे आधी पाहावे. टरेट मशीनवर हेड डावी-उजवीकडे कलते करण्यासाठी जे चार बोल्ट असतात ते बहुधा टी-बोल्ट असतात आणि त्यांच्यावर नट बसतात. तिथे नट फिरत असेल तर बिडाला हात लावण्याचे कारणच नाही. टी-बोल्ट आणि नट दोन्ही नवीन घालावेत. हेडचा वरचा भाग, मोटरची प्लेट, झाकणे किंवा क्विलची (स्पिंडल धरून वर-खाली होणाऱ्या नळीची) कुलूपव्यवस्था धरणारे बोल्ट मात्र सहसा थेट बिडात आटलेले असतात, आणि पुढचे सगळे काम अशा भोकांसाठी आहे.

बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करा, भोक टॉर्चच्या उजेडात पाहा आणि डेप्थ व्हर्नियरने भोकाची पूर्ण खोली मोजून लिहून ठेवा. त्यानंतर त्याच मापाचा चांगला बोल्ट शेजारच्या शाबूत भोकात हाताने घाला आणि तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे घेतो ते मोजा. एम १० च्या बोल्टाने १० फेरे घेतले, तर आट्यांची पकड १० × १.५ म्हणजे १५ मिमी आहे. सहा फेऱ्यांतच बोल्ट बसत असेल, तर पकड फक्त ९ मिमी आहे आणि आटे जाण्याचे कारण तुमच्यासमोर आहे : बोल्ट आखूड होता. बिडात बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट पकड मिळावी असे पाहावे.

उलट चूकही तितकीच होते. बंद भोकात बोल्ट लांब पडला की तो तळाला टेकतो, पान्याला ताण लागतो, पण सांधा आवळलाच जात नाही. मग कोणीतरी पान्याला पाइप लावतो आणि आटे उखडतात. कधी भोकाचा तळही तडकतो.

तपासा : भोकाच्या कडेपासून बाहेर जाणारी बारीक रेघ दिसते का? तिथे रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड घासा. थोड्या वेळाने पुडीवर ओली रेघ उमटली, तर ती भेग आहे. भेग असलेल्या भोकात इन्सर्ट घालू नये.

टप्पा २ : आट्यांचे माप नजरेने ठरवू नका

आपल्याकडे जुनी इंची मशिने आणि नवी मेट्रिक मशिने एकाच शेडमध्ये शेजारी शेजारी चालतात, आणि एकाच हेडवर मूळ बोल्ट इंची, तर नंतर कोणी घातलेला बोल्ट मेट्रिक असेही आढळते. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, एम ८ पासून नजरेला फरक कळत नाही, पण एकाचे इंचाला १८ आटे असतात आणि दुसऱ्याचा पिच १.२५ मिमी असतो. ३/८ इंचाचे आणि एम १० चे तसेच आहे. अर्ध्या इंचात आणखी एक फसगत आहे. बीएसडब्ल्यूमध्ये (ब्रिटिश प्रमाण) इंचाला १२ आटे आणि यूएनसीमध्ये (अमेरिकन प्रमाण) १३ आटे असल्यामुळे बोल्ट दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की बीड हरते.

पिच गेज लावा आणि मायक्रोमीटरने व्यास मोजा. मोजमाप शेजारच्या शाबूत भोकातून काढलेल्या मूळ बोल्टाचे घ्यावे. गेलेल्या भोकातला बोल्टच चुकीचा असण्याची शक्यता असते. इंची भोक सापडले तर त्याच इंची मापाचे इन्सर्ट आणावे. एकाच हेडवर तीन बोल्ट इंची आणि एक मेट्रिक ठेवणे म्हणजे पुढच्या माणसासाठी पुढचे भोक खराब करून ठेवणे आहे.

टप्पा ३ : दुरुस्तीचा मार्ग निवडा

सर्वांत सोपा मार्ग लोक सर्वांत शेवटी आठवतात. भोक खोल असेल आणि बोल्ट आखूड असल्यामुळे फक्त वरचे आटे गेले असतील, तर खालचे आटे कोरे असतात. अशा वेळी बिडाला अजिबात न कापता, पूर्ण खोलीपर्यंत जाणारा स्टड (डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) बसवून वर नट लावावा. हे जमत असेल तर पुढचे काम करूच नये.

ते जमत नसेल तर तारेचे इन्सर्ट, म्हणजे ज्याला आपण सरसकट हेलिकॉइल म्हणतो ते, योग्य ठरते. त्यासाठी भोवती बीड पुरेसे हवे. एम १० च्या इन्सर्टचा टॅप बाहेरून सुमारे १२ मिमीचा असतो, आणि त्याच्याभोवती सगळ्या बाजूंनी निदान ५ मिमी बीड उरले पाहिजे, असा नियम मी स्वतःपुरता ठेवला आहे. भोक आधीच एकदा मोठे केलेले असेल, लांबट झाले असेल किंवा कोणी तिरपे ड्रिल मारून ठेवले असेल, तर तारेचे इन्सर्ट तिथे बसणार नाही. तिथे लेथवर पोलादी बुश (आत-बाहेर आटे असलेली नळी) करावे : बाहेरून एम १६ × १.५, आतून एम १०. त्यासाठी १४.५ मिमीचे ड्रिल लागते आणि बुश जास्त ताकदीचे थ्रेडलॉकर लावून बसवावे लागते.

मूळ भोकात सरळ एम १२ चा बोल्ट घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसे केल्यास वरच्या भागातले भोकही मोठे करावे लागते, तिथली बसणी बिघडते आणि पाना वेगळा लागतो. वेल्डिंग तर हेडवर करूच नये. बीड एका जागी तापून थंड होताना तडकते आणि घासून तयार केलेल्या पृष्ठभागांची सरळ रेषा जाते. स्टील पुटी झाकणाच्या छोट्या स्क्रूपुरती चालेल, भार घेणाऱ्या बोल्टाला ती चालणार नाही.

टप्पा ४ : हेडला आधार द्या आणि आतले भाग झाका

मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्या. टेबलावर जाड लाकडी ठोकळा ठेवा, क्विल वर घेऊन कुलूप करा आणि नी (टेबल वर-खाली करणारा भाग) हळूहळू वर आणत ठोकळा हेडच्या तळाला फक्त टेकवा. मोटर वरच्या बाजूला असल्यामुळे हेडचे वजन वर आहे, ही गोष्ट विसरली जाते. एका टूलरूममध्ये, वर्म (हेड कलते करणारा स्क्रू-गिअर) झिजलेल्या मशीनवर, चारही नट एकदम ढिले केल्यावर हेड मोटरच्या वजनाने फिरताना मी पाहिले आहे. मोटर थेट टेबलावरच्या व्हाइसवर आदळली. सुदैवाने त्या वेळी कोणाचा हात मध्ये नव्हता. मोटर किंवा वरचा भाग काढायचा असेल तर चेन पुली लावूनच काढावा.

सावधान : एक बोल्ट गेला म्हणून उरलेल्यांवर मशीन चालवत राहू नका. उरलेल्या बोल्टांवर जादा भार येतो, हेड कापताना थरथरते आणि आठवड्याभरात दुसरे भोकही जाते.

भोक आरपार असेल आणि आत गिअर, बेअरिंग किंवा क्विलचा बोअर असेल, तर आतून कापडाचा बोळा घट्ट बसवा आणि त्याला दोरा बांधून दोऱ्याचे टोक बाहेर ठेवा, म्हणजे तो आत विसरला जाणार नाही. सुताचा वेस्ट वापरू नये, कारण त्याचे धागे आतच राहतात. भोक बंद असेल तर त्याच्या तळाखाली काय आहे याचा विचार करा. क्विलचा बोअर जवळ असलेल्या ठिकाणी ड्रिल दोन मिमी जादा खोल गेले, तर दोनशे रुपयांच्या दुरुस्तीसाठी हेडच जाईल.

टप्पा ५ : ठोकळा करा, मगच ड्रिल हातात घ्या

संपूर्ण कामाचे यश या टप्प्यावर ठरते. हाताने धरलेले ड्रिल मशीन नजरेला सरळ वाटते, पण २० मिमी खोलीत ते दोन-तीन अंशांनी सहज तिरपे जाते. तिरप्या भोकातल्या बोल्टाचे डोके एकाच बाजूने टेकते आणि सगळा ताण आट्यांच्या एका बाजूवर येतो.

उत्तम मार्ग म्हणजे तो भाग सुटा करून दुसऱ्या मिलिंगवर किंवा रेडियल ड्रिलवर बांधणे. ते शक्य नसेल तर ३० मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा ठोकळा घ्या, त्याची खालची बाजू फेस करा आणि त्याच सेटिंगमध्ये १०.४ मिमीचे भोक पाडा. शेजारच्या चांगल्या भोकांतून बोल्ट घालता यावेत म्हणून ठोकळ्यात सैल मापाची दोन भोके ठेवा.

ठोकळा बरोबर जागी आणण्यासाठी लेथवर एक पायरीची पिन करा : वरचा भाग ठोकळ्याच्या भोकात सरकता बसेल असा आणि खालचा भाग हेडमधल्या गेलेल्या भोकात हलणार नाही असा. पिन घालून ठोकळा आवळा, मग पिन काढून घ्या. आटे इतके विस्कटले असतील की पिन कुठेच नीट बसत नाही, तर हेडवर बसणारा वरचा भाग ठेवून त्याच्या भोकाच्या मध्याशी ताळा घ्यावा.

तपासा : ठोकळा बसतो त्या जागेवरचा रंग, पुटी आणि जुने तेल खरवडून काढले आहे का? रंगाचा एक पापुद्रा एका कडेखाली राहिला तरी ठोकळा तिरपा बसतो. ०.०५ मिमीची फीलर पट्टी चारही बाजूंनी लावून पाहा. ती कुठेही आत जाता कामा नये.

टप्पा ६ : ड्रिल

इन्सर्टच्या पाकिटावर छापलेले ड्रिलचे माप प्रमाण मानावे. सर्वसाधारणपणे एम ६ साठी ६.३, एम ८ साठी ८.३, एम १० साठी १०.४ आणि एम १२ साठी १२.४ मिमी लागते. एम १० चे नेहमीचे टॅपड्रिल ८.५ मिमीचे असते, आणि सवयीने तेच उचलले जाते.

ड्रिलवर खोलीची खूण चिकटपट्टीने करा. ठोकळ्याची जाडी त्यात मिळवायला विसरू नका. वेग ५०० ते ६०० फेरे पुरे. बीड कोरडेच कापावे, कारण तेल घातले की भुकटीचा चिखल होऊन तो आट्यांत बसतो. ड्रिलच्या खाचांत थोडे ग्रीस भरले तर भुकटी त्याला चिकटून बाहेर येते, आणि आरपार भोकात याचा मोठा उपयोग होतो. दर ४-५ मिमीनंतर ड्रिल बाहेर काढून व्हॅक्यूमच्या नळीने भुकटी ओढून घ्या.

सावधान : हवेची गन मारू नका. बिडाची भुकटी क्विलच्या फटीत आणि बेअरिंगमध्ये शिरली की पॉलिशच्या दाण्यासारखी घासत राहते.

ठोकळा काढून भोकाच्या तोंडाला ९० अंशांच्या काउंटरसिंकने १२.५ मिमीपर्यंत हलकी कड मारा.

टप्पा ७ : टॅप

इथे इन्सर्टचाच टॅप लागतो. एम १० च्या इन्सर्टसाठी एम १२ चा साधा टॅप चालवून घेणारे लोक मला भेटले आहेत. त्याचा पिच १.७५ मिमी असतो, त्यामुळे तार त्यात बसणारच नाही.

टॅपसाठीही दुसरा ठोकळा करावा, टॅपच्या बाहेरच्या मापापेक्षा अगदी किंचित सैल. निदान पहिले चार-पाच फेरे त्यातून घ्यावेत आणि नंतर तो काढून गुण्या दोन दिशांनी लावून पाहावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अशी चाल ठेवा. दर तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसा. कोरडे जड वाटले तर रॉकेलचे दोन थेंब पुरतात.

बंद भोकात आधी पहिला, मग दुसरा, शेवटी तळापर्यंत कापणारा टॅप असा क्रम पाळा. १५ मिमी लांबीच्या इन्सर्टसाठी पूर्ण आटे निदान १६.५ मिमी खोल हवेत. तळ जवळ आला की हाताला कठीण, बोथट असा अटकाव जाणवतो, तिथेच थांबा. हेडमध्ये मोडलेला टॅप काढणे हे आटे जाण्यापेक्षा कितीतरी वाईट काम आहे.

टप्पा ८ : साफसफाई

या टप्प्याला पंधरा मिनिटे द्या, कारण याच टप्प्यावर सर्वांत जास्त घाई होते. नायलॉनचा गोल ब्रश थिनरमध्ये बुडवून आट्यांतून फिरवा, व्हॅक्यूमने ओढा, पुन्हा ब्रश फिरवा. नंतर पांढऱ्या सुती कापडाची पट्टी काडीला गुंडाळून आट्यांच्या दिशेने आत फिरवत न्या आणि तशीच फिरवत बाहेर काढा. बिडातल्या ग्रॅफाइटमुळे पट्टीवर करडा डाग कायम येत राहील, त्याची काळजी नको. पट्टी दोन बोटांत चोळून पाहा. खर लागली तर कण अजून आत आहेत. पुन्हा धुवा. डाग आला पण खर लागली नाही, तर भोक तयार आहे.

टप्पा ९ : इन्सर्ट बसवणे

इन्सर्ट बसवण्याच्या दांड्यावर चढवा, शेपटी दांड्याच्या खाचेत अडकवा आणि हलक्या हाताने फिरवत आत न्या. वरून दाब देऊ नका. दाब दिला की तारेचे वेटोळे एक आटा उडी मारून पुढच्या आट्यात जाते, आणि बाहेरून ते कळत नाही. तार पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेली की थांबा. ती वर राहिली तर बोल्ट आवळताना वरच्या भागाला टेकते आणि सांधा खोटा घट्ट होतो.

दांडा कधीही उलटा फिरवून इन्सर्ट मागे घेण्याचा प्रयत्न करू नये, कारण शेपटी अर्धवट मोडते. चूक झाली असेल तर काढण्याच्या हत्याराने इन्सर्ट पूर्ण बाहेर काढा, फेकून द्या आणि नवीन घ्या. एकदा काढलेली तार पुन्हा वापरत नाहीत.

शेपटी मोडण्यासाठी सपाट टोकाचा पंच तिच्यावर ठेवून हातोडीचा एकच नेमका फटका द्या. तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा नोज प्लायरने बाहेर काढा. तार स्टेनलेसची असल्यामुळे चुंबकाला ती धड चिकटत नाही.

तपासा : जितकी इन्सर्ट बसवली, तितके तुकडे तुमच्या हातात आहेत का? एकही कमी असेल तर तो सापडेपर्यंत हेड बंद करू नका.

बुश बसवत असाल तर वरचे इन्सर्टचे काम लागू नाही. पण ठोकळा, टॅपची चाल आणि साफसफाई तशीच्या तशी लागू आहे. बुश खालच्या पायरीला टेकेपर्यंत आवळा आणि थ्रेडलॉकर चोवीस तास सुकू द्या.

टप्पा १० : बोल्ट, आवळणे आणि डायल

नवीन ८.८ ग्रेडचा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पान्याची गरज पडली तर थांबून कारण शोधा. लांब स्टड घालून गुण्या लावल्यास भोकाचा सरळपणा शेवटचा एकदा दिसतो.

जो बोल्ट वारंवार ढिला करावा लागतो, तिथे मी बोल्टाऐवजी स्टड कायमचा बसवून वर जाड वॉशर आणि नट लावतो. मग झीज नटाची होते, बिडाची होत नाही.

मशीनच्या पुस्तकात आवळण्याचे माप दिलेले असेल तर तेच घ्या. ते मिळत नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम १० बोल्टाला टॉर्क पान्याने सुमारे ४५ न्यूटन-मीटर हे नेहमीचे माप आहे, आणि तिथेही १५, ३०, ४५ असे तीन टप्पे करून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. लांब पाइप तिथून कायमचा हलवून ठेवा.

हेड जागेवरून हलले असेल, तर स्पिंडलला डायल (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मोजमाप-यंत्र) लावून ३०० मिमी वर्तुळात हाताने फिरवत टेबलाशी जुळवणी करा, फरक ०.०२ मिमीच्या आत आणावा. बोल्ट आवळताना हेड पुन्हा थोडे सरकते, म्हणून ढिल्या स्थितीत मिळालेला आकडा धरू नये. शेवटच्या आवळणीनंतरचा आकडाच खरा धरावा.

पहिल्या पाळीचे काम झाल्यावर मशीन थंड असताना तोच बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. बोल्टाच्या डोक्यावरून हेडवर येणारी एक बारीक रंगाची रेघ मारून ठेवली, तर तो फिरला की नाही ते लांबूनच दिसते. बेल्टच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने भोकाची जागा, इन्सर्टचे माप, त्याची लांबी आणि चालणाऱ्या बोल्टाची जास्तीत जास्त लांबी लिहून ठेवा.